छायाचित्र-संपादनाचे पुस्तकी शिक्षण : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

शहापूरच्या बाजारपेठेत किंवा मुरबाडच्या एस.टी. स्थानकाच्या आसपास फोटो स्टुडिओची जी लहान दुकाने आहेत, तेथील संगणकाशेजारी या शतकाच्या पहिल्या दशकात एखादे जाडजूड, कडा मळलेले पुस्तक ठेवलेले दिसत असे. पुस्तक बहुधा इंग्रजी, क्वचित हिंदी, विषय ‘फोटोशॉप’. दुकानदाराचे शिक्षण मराठी माध्यमातून दहावी-बारावीपर्यंत झालेले, हाताला सवय रीळ भरण्याची, आणि समोर अचानक आलेला संगणक. अशा स्थितीत अनेकांनी हे सॉफ्टवेअर शिकवणीवर्गात न जाता, पुस्तक उघडे ठेवून, एकेक पान गिरवत आत्मसात केले. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रिया विधीचे निवेदन, ही सारी कामे या पुस्तकी शिक्षणावर उभी राहिली. त्याची नोंद मात्र शिक्षणाच्या इतिहासात फारशी घेतली जात नाही.

या प्रकारच्या पुस्तकावरून नेमके काय शिकता येते, काय शिकता येत नाही, आणि जे शिकता येत नाही ते शिकणाऱ्याने कोठून मिळवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. लेखकाची भूमिका आरंभीच स्पष्ट करणे योग्य होईल. अशा पुस्तकांत दोन गोष्टी एकत्र असतात : पायऱ्या आणि संकल्पना. ‘अमुक मेनू उघडा, अमुक आकडा भरा’ या पायऱ्या लवकर जुन्या होतात. संकल्पना होत नाहीत. आपल्याकडील शिकणारा मात्र नेमका पायऱ्यांवर विसंबतो आणि संकल्पनेचे प्रकरण ‘थिअरी’ म्हणून ओलांडून पुढे जातो.

पुस्तकावरून तंत्र शिकण्याची परंपरा :

चित्र-तंत्र पुस्तकावरून शिकणे महाराष्ट्राला नवे नाही. कसारा घाटापलीकडील त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी चलच्चित्रणाचा अभ्यास सुरू केला तो इंग्लंडमधील सेसिल हेपवर्थ यांच्या या विषयावरील प्रारंभिक पुस्तिकेच्या वाचनाने आणि ‘बायोस्कोप’ या इंग्रजी नियतकालिकाच्या आधारे. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, पुस्तक हाती येण्यापूर्वी फाळके छायाचित्रण, ठसे तयार करणे व मुद्रण ही कामे करीत होते, मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले होते. पुस्तक वाचणारा हात आधीच तयार होता. दोन, पुस्तकाने भागले नाही म्हणून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, ‘बायोस्कोप’च्या संपादकांना भेटले, खुद्द हेपवर्थ यांचे काम पाहिले आणि कॅमेरा खरेदी करून परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमागृहात प्रदर्शित झाला. परतल्यानंतर त्यांनी प्रथम केलेला प्रयोग मात्र पौराणिक नव्हता. रोपट्याच्या वाढीचे चित्रण त्यांनी घरातच केले होते. पुस्तकातील धडा घरातल्या वस्तूवर करून पाहण्याची ही पद्धत आजच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी आहे.

शहापूरच्या स्टुडिओचालकाला लंडन गाठणे शक्य नव्हते. आसनगावहून लोकल पकडून कल्याण किंवा मुंबई, मुरबाडकरांना एस.टी.ने कल्याण, इतकीच त्याची मजल. फोर्ट परिसरातील पदपथावर मिळालेले जुने पुस्तक हाच त्याचा गुरू. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात कित्येक तासांचे भारनियमन असे. वीज नसताना पुस्तक वाचायचे आणि वीज आली की वाचलेले करून पाहायचे, असा क्रम त्यामुळे आपोआप ठरला. शिकण्याच्या दृष्टीने हा क्रम वाईट नव्हता. पडद्यासमोर बसून घाईने बटणे दाबण्यापेक्षा आधी विचार करून मग यंत्रापाशी जाणे यातून घडत असे. भारनियमनाचे समर्थन करण्याचा हेतू अर्थातच नाही.

सॉफ्टवेअर बदलते, पुस्तक बदलत नाही :

थॉमस व जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी तयार केलेले फोटोशॉप ॲडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणले. थरांची, म्हणजे लेअरची, सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली; एकापेक्षा अधिक पावले मागे जाण्याची ‘हिस्टरी’ १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत; आणि चेहऱ्यावरील डाग आजूबाजूच्या पोताशी जुळवून घालवणारा ‘हीलिंग ब्रश’ २००२ च्या सातव्या आवृत्तीत. आपल्याकडील स्टुडिओंत सातवी आवृत्ती दीर्घकाळ टिकली. २०१३ पासून कंपनीने पुढील आवृत्त्या वर्गणी पद्धतीने देण्यास सुरुवात केली. मूळ परवाना घेणे लहान दुकानाला परवडत नसल्याने नक्कल केलेल्या सीडी सर्रास वापरात होत्या, हे सत्य लपवण्यात अर्थ नाही. १९९० च्या दशकापासून विनामूल्य उपलब्ध असलेल्या ‘गिम्प’ या पर्यायाकडे मात्र फारच थोडे वळले. कारण हाताशी असलेले पुस्तक फोटोशॉपचे होते. पुस्तकाने सॉफ्टवेअरची निवड ठरवली, असे येथे म्हणावे लागते.

पायऱ्या कशा जुन्या होतात याचे एकच उदाहरण पुरे आहे. चेहरा लहान-मोठा करताना प्रमाण बिघडू नये म्हणून ‘शिफ्ट’ कळ दाबून ठेवा, असे जुनी पुस्तके सांगतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या आवृत्तीपासून हा नियम उलटा झाला : कळ न दाबता प्रमाण राखले जाते, आणि कळ दाबली तर चेहरा ताणला जातो. त्याच आवृत्तीपासून ‘कंट्रोल’ व ‘झेड’ या कळा वारंवार दाबल्यास एकेक पाऊल मागे जाता येते. पूर्वी दुसऱ्यांदा दाबल्यास रद्द केलेले काम पुन्हा परत येत असे. जुने पुस्तक इमानाने गिरवणाऱ्याचे काम नव्या यंत्रावर बिघडते, आणि दोष आपल्या इंग्रजीचा आहे अशी त्याची समजूत होते. प्रमाण राखणे म्हणजे रुंदी व उंची एकाच पटीत बदलणे, ही संकल्पना ज्याच्या मनात पक्की आहे, तो कळ सोडून पाहतो आणि पुढे जातो.

पुस्तकासोबत येणारी सरावाची सीडी हा आणखी एक अडथळा. जुन्या पुस्तकातील सीडी बहुधा हरवलेली किंवा चरे पडलेली असे. त्यामुळे सरावाची चित्रे मिळत नसत आणि कित्येकांचा अभ्यास दुसऱ्या प्रकरणातच थांबत असे. ज्यांचा थांबला नाही, त्यांनी आपल्या गल्ल्यावरचे छायाचित्र सरावासाठी घेतले. वस्तुतः येथेच खरे शिक्षण सुरू होते. कारण पुस्तकातील नमुनाचित्र त्या धड्याला अनुकूल असेच निवडलेले असते. गिऱ्हाइकाने आणलेले चित्र कोणत्याच धड्याला अनुकूल नसते.

एका छायाचित्राचे गणित :

गिऱ्हाईक काय आणते? या भागातील कोणत्याही स्टुडिओत वारंवार येणारे काम म्हणजे दिवंगत व्यक्तीचे छायाचित्र मोठे करून देणे. भातशेती करणारा एखादा वृद्ध, किंवा ठाकूर-कातकरी वाडीवरील एखादी आजी, यांचे स्वतंत्र छायाचित्र अनेकदा कधी काढलेलेच नसते. १९९३ पासून देशात छायाचित्र असलेली मतदार ओळखपत्रे देण्यास सुरुवात झाली. पुष्कळ घरांत त्या व्यक्तीचे उपलब्ध असलेले एकमेव चित्र त्या ओळखपत्रावरचे असते. ‘दहाव्याच्या आत भिंतीवर लावायला मोठा फोटो करून द्या,’ अशी मागणी असते. मागणी करणाऱ्याच्या दृष्टीने संगणकाला अशक्य काही नसते.

येथे पुस्तकातील रिझोल्यूशनचे प्रकरण उपयोगी पडते, आणि नेमके तेच बहुतेकांनी वगळलेले असते. डिजिटल छायाचित्र हे बारीक चौकोनांचे, म्हणजे पिक्सेलचे, बनलेले असते आणि प्रत्येक चौकोनाला एकच रंग असतो. समजा, ओळखपत्रावरील चित्र २ सें.मी. रुंद व २.५ सें.मी. उंच आहे. स्कॅनरवर ते दर इंचास ३०० या प्रमाणाने घेतले, तर रुंदीत सुमारे २३६ आणि उंचीत २९५ पिक्सेल मिळतात. एकूण सत्तर हजारांच्या आत. आता भिंतीवरील ८×१० इंचाच्या चौकटीसाठी चांगली प्रत हवी, तर दर इंचास ३०० या हिशेबाने २,४०० गुणिले ३,०००, म्हणजे ७२ लाख पिक्सेल लागतात. हाती असलेल्या प्रत्येक खऱ्या पिक्सेलमागे सुमारे शंभर पिक्सेल भरून काढायचे आहेत. ‘इमेज साईज’च्या चौकटीत आकडा बदलला की सॉफ्टवेअर ते तत्काळ भरूनही देते, परंतु शेजारच्या रंगांची सरासरी काढून. त्या सरासरीत आजीच्या कपाळावरचे गोंदण येत नाही, कारण मूळ सत्तर हजारांत ते नव्हतेच.

यावर शिकणारा म्हणतो, स्कॅन अधिक बारीक करू. दर इंचास ६०० या प्रमाणाने ४७२×५९१ पिक्सेल मिळतात, १,२०० ने ९४५×१,१८१. आकडे वाढतात हे खरे. परंतु ओळखपत्रावरील छपाईचे ठिपके आणि वरील प्लास्टिकचे चरेही त्याबरोबर मोठे होतात. एका मर्यादेनंतर स्कॅनर चेहऱ्याची नव्हे, छपाईची माहिती गोळा करू लागतो. ही मर्यादा कोठे येते हे पुस्तक सांगू शकत नाही. तेच ओळखपत्र तीन वेगवेगळ्या प्रमाणांनी स्कॅन करून डोळ्यांचा भाग शेजारी शेजारी ठेवून पाहिला, की ते पाच मिनिटांत कळते.

मग गिऱ्हाइकाला काय द्यावे? दर इंचास १५० पिक्सेल हे प्रमाण हातभर अंतरावरून पाहण्याच्या प्रतीला चालून जाते. या हिशेबाने ६०० च्या स्कॅनमधून साधारण ३×४ इंचांची स्वच्छ प्रत निघते. ती ८×१० च्या चौकटीत मध्यभागी बसवून भोवती रुंद, फिकट जाड कागदाची किनार ठेवावी. भिंतीवर चौकट मोठीच दिसते, हार घालता येतो, आणि चेहरा त्या माणसाचाच राहतो. हा उपाय ज्या प्रकरणात सांगितला आहे असे पुस्तक लेखकाच्या पाहण्यात नाही. पण रिझोल्यूशनचे प्रकरण समजलेल्या कोणालाही तो सुचण्यासारखा आहे. त्याऐवजी प्रचलित पद्धत अशी, की चेहरा ताणून मोठा करायचा, धूसरपणा लपवण्यासाठी तो गुळगुळीत करायचा आणि धड म्हणून तयार कोट-टाय जोडायचा. आयुष्यभर बंडी-धोतर नेसलेला माणूस मृत्यूनंतर कोट घालून भिंतीवर येतो. काही कुटुंबांना ते आवडते, हेही नमूद केले पाहिजे. कोट जोडावा की नाही हा त्यांचा प्रश्न आहे. चेहरा पुसला जाऊ नये ही मात्र दुकानदाराची जबाबदारी.

हेच गणित उलट दिशेने फ्लेक्सला लागू पडते. १०×८ फुटांचा फलक दर इंचास ७२ पिक्सेल या प्रमाणाने केला तरी ८,६४० गुणिले ६,९१२, म्हणजे सुमारे सहा कोटी पिक्सेल होतात. चार रंगांच्या छपाई-पद्धतीत एकच थर जवळजवळ २४० एम.बी. जागा घेतो. त्या काळी अनेक संगणकांची एकूण स्मृतीच २५६ एम.बी. असे. फलकावर दहा-बारा कार्यकर्त्यांची छायाचित्रे स्वतंत्र थरांवर ठेवली की यंत्र ‘हँग’ होई, आणि दोष व्हायरसला दिला जाई. वास्तविक चौकात पंधरा-वीस फुटांवरून पाहायच्या फलकाला याच्या निम्मे प्रमाणही पुरते, आणि प्रमाण निम्मे केले की फाइल एक-चतुर्थांश होते.

थर आणि मास्क :

थर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा, हे वर्णन सर्वच पुस्तकांत आढळते आणि ते विद्यार्थ्यांना सहज पटते. मास्क मात्र पटत नाही. ‘पांढरे दाखवते, काळे लपवते’ हे वाक्य पाठ होते, उपयोगात येत नाही. वर्गात याचे स्पष्टीकरण देताना भाताच्या गोणीवर व्यापाऱ्याचे नाव उमटवण्याच्या पत्र्याच्या छापाचा उपयोग झाला. पत्रा जेथे कापलेला असतो तेथूनच रंग गोणीवर उतरतो. पत्रा उचलला तरी गोणीला काही इजा झालेली नसते. मास्कही तसाच. छायाचित्र जागेवर राहते, केवळ किती दिसावे ते ठरते. पत्र्याच्या छापात अर्धवट कापणे शक्य नसते, मास्कमध्ये करड्या रंगाने ते साधते. उपमा येथे संपते, पण तोपर्यंत विद्यार्थी पुढे गेलेला असतो.

खोडरबर वापरून पार्श्वभूमी काढणारा आणि मास्क वापरणारा यांच्या कामातील फरक पहिल्या दिवशी दिसत नाही. वधूच्या केसांच्या कडा जास्त कापल्या गेल्या आणि घरच्यांनी तक्रार केली, म्हणजे दिसतो. खोडरबरवाल्याला काम पुन्हा आरंभापासून करावे लागते. याच कारणाने मूळ छायाचित्रावरच बदल साठवून ठेवणे, तेही जे.पी.जी. स्वरूपात पुनःपुन्हा, ही सवय घातक ठरते. प्रत्येक साठवणीत थोडी माहिती गळते. बहुतेक पुस्तके ही सूचना एखाद्या चौकटीत लहान अक्षरांत देतात. ती पहिल्या पानावर असावयास हवी होती.

कृष्णधवल पुस्तकातून रंग शिकणे :

कमी किमतीच्या अनेक भारतीय आवृत्त्या कृष्णधवल छापलेल्या असत. रंगदुरुस्तीच्या प्रकरणात ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन चित्रे, आणि दोन्ही सारखीच करडी. हा विनोद वाटला तरी त्यातून एक लाभ झाला. चित्र निरुपयोगी असल्याने काही वाचक आकड्यांकडे वळले. संगणक लाल, हिरवा व निळा या तीन रंगांची मात्रा ० ते २५५ या आकड्यांत मोजतो. तिन्ही आकडे समान असले की रंग करडा, पांढरा किंवा काळा. मंडपातील छायाचित्रात एखाद्या आजोबांच्या टोपीवर टोक ठेवले आणि ‘इन्फो’च्या चौकटीत २५०, २३२, २०५ असे आकडे दिसले, तर टोपी पांढरी असूनही निळा कमी पडलेला आहे, म्हणजे लाल-पिवळ्या कापडाच्या मंडपाची झाक सर्व चेहऱ्यांवर आहे, हे पडदा कसाही असला तरी कळते. जुन्या, रंग उतरलेल्या मॉनिटरवर काम करणाऱ्यांना हाच एक भरवशाचा आधार होता.

इंग्रजी पुस्तके यासाठी करड्या रंगाचे प्रमाणित कार्ड छायाचित्रात धरण्यास सांगतात. लग्नाच्या गर्दीत हे अशक्य. त्याऐवजी टोपी, धोतर, हॉलची भिंत यांचा आधार घेतला जातो. येथे एक स्थानिक अडचण आहे, जी कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही : आपल्याकडील पांढऱ्या कपड्यांना नीळ दिलेली असते. निळसर टोपीला ‘पांढरी’ समजून तिच्यावर दुरुस्तीचे टोक टेकवले, तर सॉफ्टवेअर ती निळी झाक घालवण्यासाठी सबंध चित्रात पिवळा मिसळते. आणि हळदीच्या समारंभात आधीच पिवळे असलेले चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. म्हणून एकाच वस्तूवर विसंबू नये, दोन-तीन ठिकाणचे आकडे पाहावेत.

याहून गंभीर प्रश्न त्वचेच्या रंगाचा आहे. रंगीत छायाचित्रणाच्या काळात कोडॅकच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जे नमुनापत्र दिले जाई, त्यावर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाते. डिजिटल युगातील पुस्तकांनी हा वारसा पुढे चालवला. काही पुस्तकांत त्वचेसाठी आकड्यांचे सूत्र दिलेले असते : पिवळा मॅजेंटापेक्षा किंचित अधिक, आणि सायन मॅजेंटाच्या एक-पंचमांश ते एक-तृतीयांश. हे सूत्र गोऱ्या कातडीचे आहे. सावळ्या त्वचेत सायनचे प्रमाण स्वभावतःच अधिक असते. सूत्र नियम म्हणून गिरवले, तर सावळा चेहरा ‘चुकलेला’ ठरतो आणि तो ‘दुरुस्त’ केला जातो. आपल्या समाजात गोरेपणाचे वेड आधीपासून होतेच, त्याचे खापर सर्वस्वी पुस्तकांवर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु पुस्तकाने त्या वेडाला तांत्रिक शुद्धतेचे रूप दिले. स्टुडिओत न विचारता चेहरा उजळून देणे ही ग्राहकसेवा मानली जाते. आमच्या विद्यार्थिनींपैकी काहींची परीक्षा-अर्जावरील छायाचित्रे त्यांच्या प्रत्यक्ष चेहऱ्याशी जुळत नाहीत, याचे कारण हेच आहे. ओळख पटवण्यासाठी काढलेले छायाचित्र ओळख पटू देत नसेल, तर त्या कामाला सफाईदार म्हणता येणार नाही. उजेड वाढवणे आणि रंग बदलणे या भिन्न गोष्टी आहेत. ‘कर्व्हज’चे प्रकरण नीट वाचले असता, सावलीतील तपशील मोकळा करूनही त्वचेची मूळ छटा राखता येते.

भाषेचा प्रश्न :

मराठी माध्यमातील विद्यार्थी इंग्रजी मेनूमुळे अडतो, असा सर्वसाधारण समज आहे. अनुभव थोडा वेगळा आहे. ‘फेदर’, ‘ओपॅसिटी’, ‘क्लोन’ हे शब्द विद्यार्थी अर्थाने नव्हे तर परिणामाने ओळखू लागतात, जसे गाडी दुरुस्त करणारा ‘क्लच’ ओळखतो. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९६० पासून परिभाषेचे मोठे काम केले आहे. तरी या क्षेत्रात ‘अपारदर्शिता’ असा शब्द दिल्याने शिकणाऱ्याचे काम सोपे होत नाही, कारण पडद्यावर तो शब्द नसतो.

खरी अडचण नामांची नसून पुस्तकातील सूचनावाक्यांची आहे. ‘चित्र नैसर्गिक दिसेपर्यंत मात्रा वाढवा’ किंवा ‘आपल्या रुचीनुसार आकडा ठेवा’ या धर्तीची वाक्ये इंग्रजीत कळली तरी त्यांतून निर्णय मिळत नाही. नैसर्गिक म्हणजे कोणासारखे, हे वाक्य सांगत नाही. मराठीतही या विषयावर पुस्तके आली. परंतु त्यांतील पुष्कळ पुस्तकांत मेनूंची यादी देऊन प्रत्येकाचा एका ओळीत अर्थ दिलेला असतो. स्टुडिओतील माणसे कामाची भाषा वेगळी बोलतात : ‘मागचं बदल’, ‘फोटो साफ कर’, ‘दोघांना जवळ आण’, ‘ह्याला काढून टाक’. मराठीत पुस्तक लिहायचे तर प्रकरणांची नावे ही असावीत, असे लेखकाचे मत आहे.

मराठी अक्षरांचा प्रश्न स्वतंत्र आहे. जुन्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे थेट जुळत नसत. म्हणून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ किंवा सी-डॅकचे ‘आयएसएम’ यांच्या फॉन्टवर काम चाले. कोणत्याही इंग्रजी पुस्तकात याविषयी एक ओळ नसे, आणि आपल्याकडे तर प्रत्येक कामात मजकूर असतोच. नंतरच्या आवृत्त्यांत युनिकोड मजकूर चालू लागला, परंतु ‘टाईप’च्या पसंतीक्रमात दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी निवडावी लागत असे. ती न निवडल्यास ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जात असे आणि जोडाक्षरे फुटून हलन्त दिसू लागत. फ्लेक्सवर ‘हार्दिक’ शब्दाची मोडतोड झालेली दिसते, तेथे बहुधा हीच एक खूण करायची राहिलेली असते.

चित्रफितींच्या काळात पुस्तक :

स्वस्त इंटरनेट आल्यापासून नवा शिकणारा पुस्तकाऐवजी चित्रफीत पाहतो. हात कसा फिरतो हे चित्रफितीत दिसते आणि पुस्तकात दिसत नाही, हे मान्य केले पाहिजे. फाळके ज्यासाठी लंडनला गेले ते आज घरी मिळते. परंतु चित्रफीत पायऱ्यांचाच भाग अधिक जोमाने देते. एक परिणाम साधण्याची बावीस पावले दाखवली जातात. सातवे पाऊल का, हे क्वचितच सांगितले जाते. शिवाय शेवटच्या पानांवरील शब्दसूची उघडून अडलेली एकच गोष्ट शोधण्याची सोय तेथे नाही. विद्यार्थ्यांना सुचवावेसे वाटते ते इतकेच, की जुने पुस्तक टाकून देऊ नये. त्यातील रिझोल्यूशन, थर, मास्क, हिस्टोग्राम व रंगपद्धती ही प्रकरणे वाचावीत, साधनांच्या याद्या सोडून द्याव्यात, आणि समासात आपल्या यंत्रावरील आवृत्तीत ती आज्ञा कोठे आहे हे मराठीत लिहून ठेवावे. ज्या कामात जो आकडा वापरला तो तारखेसह वहीत टिपावा. पुस्तकात नसलेली प्रकरणे त्या वहीतच तयार होतात.

२०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये ‘जनरेटिव्ह फिल’ ही सोय आली. शब्दांत मागणी केली की यंत्र चित्राचा भाग स्वतः रचून देते. चेहरे मोठे व स्पष्ट करून देणारी इतर साधनेही आता मोबाईलवर उपलब्ध आहेत. ओळखपत्रावरील २३६ पिक्सेलांचा चेहरा त्यांत टाकला, तर पापण्यांच्या केसांसह स्वच्छ चेहरा मिळतो. पूर्वीचे सॉफ्टवेअर शेजारच्या रंगांची सरासरी काढीत होते. हे साधन पूर्वी शिकवलेल्या असंख्य चेहऱ्यांच्या आधारे संभाव्य चेहरा रचते. गोंदण नव्हते तर ते अजूनही येणार नाही. डोळे येतील, पण ते बव्हंशी रचलेले असतील. पूर्वीची प्रत धूसर होती, त्यामुळे काहीतरी हरवले आहे हे घरच्यांना दिसत तरी होते. आता ते दिसणार नाही, आणि नातवंडांच्या स्मरणात तोच चेहरा राहील. म्हणून असे काम आले असता दोन्ही प्रती, म्हणजे मूळ स्कॅनची लहान आणि यंत्राने भरलेली मोठी, गिऱ्हाइकासमोर शेजारी ठेवाव्यात. मोठ्या प्रतीतील कोणता भाग यंत्राने रचला आहे हे बोटाने दाखवावे. आणि कोणती प्रत चौकटीत घालायची ते त्या घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून ठरवावे.